नवी मुंबईच्या पावसातलं टीएफए : हिशेब कसा मांडायचा, नमुना कसा घ्यायचा

ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल, म्हणजेच टीएफए, एसीतून गळलेल्या काही गॅसपासून हवेत तयार होतं, पण तिथे फार दिवस राहत नाही. ते नष्टही होत नाही. हवेतून निघतं, पाण्यात उतरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. ‘हवा स्वच्छ झाली’ एवढंच वाचून पुष्कळजण निर्धास्त होतात, म्हणून पुढचं सगळं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

हा लेख वाशी, ऐरोली, खारघर, ठाणे या पट्ट्यातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी, सोसायटीच्या उत्साही मंडळींसाठी आणि विज्ञान शिक्षकांसाठी आहे. पाऊस नमुन्यात धरून या आम्लाचा माग काढायचा, तर काम दोन भागांत पडतं. एक कागदावरचं आणि एक गच्चीवरचं. कागदावरचं आधी उरका. ते न करता बाटल्या घेऊन गच्चीवर चढलात, तर हाती आलेला आकडा वाचता येणार नाही.

पहिली पायरी : कुठल्या गॅसमधून हे आम्ल तयार होतं ते ओळखा

एसीच्या आउटडोअर युनिटवर नेमप्लेट असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, मॉलमधल्या, गाडीतल्या गॅसची यादी करा. सगळे गॅस सारखे नाहीत आणि इथेच अर्ध्या गैरसमजांचा उगम आहे.

टीएफएच्या रेणूत दोन कार्बन असतात आणि त्यातल्या एकावर तीन फ्लोरिन. त्यामुळे एकच कार्बन असलेल्या गॅसमधून ते तयार होऊच शकत नाही. घरातल्या स्प्लिट एसीत हल्ली सर्रास असणारा आर-३२ आणि जुना आर-२२, दोघेही एका कार्बनचे. त्यांचा शेवट हायड्रोजन फ्लोराइड आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये होतो. आर-४१०ए म्हणजे निम्मा आर-३२ आणि निम्मा आर-१२५. यातल्या आर-१२५ ला दोन कार्बन असले, तरी हवेत त्यांच्यातला बंध तुटतो, त्यामुळे त्याच्याकडूनही टीएफए जवळपास मिळत नाही. फ्रिजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. त्यात फ्लोरिनच नाही.

म्हणजे बेडरूममधला एसी या गुन्ह्यात बहुधा निर्दोष असतो. हवामान बदलाच्या खटल्यात तो आरोपी आहेच, पण तो खटला वेगळा.

खरी नजर ठेवायची ती आर-१३४ए आणि आर-१२३४वायएफ या दोघांवर. आर-१३४ए गाड्यांच्या एसीत असतो आणि मोठ्या इमारतींच्या चिलरमध्येही (अख्ख्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रात) असतो. महापे, रबाळे, ऐरोली भागात डेटा सेंटर आणि आयटी पार्क दाटीवाटीने उभे आहेत. तिथल्या चिलरच्या नेमप्लेटवर काय लिहिलंय, हे फॅसिलिटीच्या माणसाला विचारता आलं तर जरूर विचारा. आर-१२३४वायएफ हा त्याचा नवा वारसदार. मिश्रणांचीही फोड पाहा : आर-५१३ए मध्ये ५६ टक्के १२३४वायएफ आणि ४४ टक्के १३४ए, आर-४०७सी मध्ये ५२ टक्के १३४ए, तर आर-४५४बी मध्ये साधारण ३१ टक्के १२३४वायएफ.

दुसरी पायरी : गळलेल्या गॅसचं आम्ल किती, ते काढा

हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अल्पायुषी, पण महाआक्रमक मुक्त मूलक असतो. आर-१३४ए च्या रेणूतला एक हायड्रोजन तो हिसकावून घेतो. उरलेल्या तुकड्याला ऑक्सिजन चिकटतो, मग त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेने कार्बन-कार्बन बंध तुटतो आणि टीएफए बनत नाही. दुसऱ्या वाटेने ट्रायफ्लुरोॲसिटाइल फ्लोराइड बनतं, ते ढगातल्या पाण्याशी गाठ पडताच टीएफए आणि हायड्रोजन फ्लोराइड होतं. दुसरी वाट शंभरातले ७ ते २० रेणू धरतात.

आर-१२३४वायएफ च्या बाबतीत असा फाटा नाही. त्याचे जवळपास सगळे रेणू टीएफएपर्यंत पोचतात.

गाडीच्या एसीत अर्धा किलो गॅस आहे आणि तो पूर्ण गळला असं धरू. आर-१३४ए चं रेणुभार १०२, टीएफएचं ११४. ५०० ला १०२ ने भागलं की ४.९ मोल. त्यातले ७ ते २० टक्के, म्हणजे ०.३४ ते ०.९८ मोल. ११४ ने गुणलं की ३९ ते ११२ ग्रॅम टीएफए. तेवढाच आर-१२३४वायएफ गळला तर? त्याचंही रेणुभार ११४ च. अर्धा किलो गॅस, अर्धा किलो आम्ल. सरळ हिशेब.

गंमत अशी की, १२३४वायएफ आणला गेला तो हवामानासाठी चांगला म्हणून आणि त्या बाबतीत तो चांगला आहेही. आर-१३४ए हवेत सुमारे १४ वर्षं टिकतो, हा दीड-दोन आठवड्यांत संपतो. पण लवकर संपणं म्हणजेच लवकर आम्ल होणं. १३४ए चं आम्ल १४ वर्षांत जगभर विखुरतं, याचं काही दिवसांत खाली येतं.

किगाली दुरुस्ती हा एचएफसी, म्हणजे हायड्रोजन-फ्लोरिन-कार्बनचे एसीतले गॅस, कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. त्यानुसार आपल्याकडे एचएफसीचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवायचा आहे. आर-१३४ए त्या यादीत येतो. त्याच्या जागी काय भरलं जाणार, यावर पुढच्या पावसातला टीएफएचा आकडा अवलंबून राहील. माझं मत विचाराल तर जिथे सुरक्षितपणे चालेल तिथे प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड हे जुनेच गडी बरे. कोल्ड स्टोरेजवाल्यांना अमोनिया काही नवा नाही.

तिसरी पायरी : हवेत हे आम्ल किती दिवस टिकतं

हा भाग रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. मजा येते.

टीएफएवरही हायड्रॉक्सिल हल्ला करतो, पण फार आळसाने. या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक आणि हवेतली हायड्रॉक्सिलची सरासरी संख्या (दर घन सेंटीमीटरला सुमारे दहा लाख) यांचा गुणाकार केला की उत्तर येतं : दर सेकंदाला साधारण एक कोटीतला एक रेणू. म्हणजे आयुष्य एक कोटी सेकंद. ८६,४०० ने भागा, ११६ दिवस. हायड्रॉक्सिल कमी धरला तर हाच आकडा सात-आठ महिन्यांपर्यंत जातो. तीन-चार-पाच कार्बनच्या लांब साखळीच्या फ्लोरिनयुक्त आम्लांना हायड्रॉक्सिल थोडा जास्त वेगाने, पावणेदोन पटीच्या आसपास, खातो. तरीही दोन महिन्यांच्या वरच.

आता पाऊस. टीएफए पाण्यात कमालीचं विरघळतं आणि विरघळलं की लगेच आयन होतं. ढगातल्या पाण्याचा सामू ५ च्या आसपास असेल, तर हजारो रेणू थेंबात आणि एखाददुसरा बाहेर हवेत अशी विभागणी होते. ढग बरसला की हिशेब मिटला. जगाची सरासरी घेतली तर पाऊस आणि पृष्ठभागावर थेट बसणं मिळून हे आम्ल दहाएक दिवसांत हवेतून निघतं.

दोन वाटा एकाच वेळी चालू असतील तर दिवसांची नव्हे, वेगांची बेरीज करायची. १ भागिले ११६ म्हणजे ०.००८६. १ भागिले १० म्हणजे ०.१. बेरीज ०.१०८६. म्हणजे शंभरातले जेमतेम ८ रेणू हायड्रॉक्सिल खरोखर मोडतो. त्यांचं कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड होतं आणि तेवढेच खरे ‘नष्ट’. उरलेले ९२ जसेच्या तसे खाली येतात. जुलैत आपल्याकडे पाऊस लागून राहिला की दहाऐवजी दोन दिवस धरा. मग नष्ट होणारे शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत.

घनदाट जंगलावर आणखी एक वाट असू शकते. झाडांमधून निघणारी संयुगं ओझोनशी भिडली की क्रिगी मध्यस्थ नावाचे रेणू बनतात आणि ते टीएफएला फार झपाट्याने पकडतात. पण त्यातून जे बनतं त्यात तो तीन फ्लोरिनवाला तुकडा शाबूतच असतो. म्हणून येऊरच्या डोंगराकडे बोट दाखवून ‘जंगल शोषून घेईल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला हे ऐकवा.

खाली आल्यावर पुढे काय? पाण्यात त्याचं जलअपघटन होत नाही, सूर्यप्रकाशाने ते मोडत नाही, नेहमीच्या जिवाणूंनाही ते सहसा पचत नाही. काही मातीतून झाडात जातं. पाणी पानांतून उडून जातं, आम्ल पानात राहतं. काही नाल्यातून ठाणे खाडीत, तिथून समुद्रात.

चौथी पायरी : जागा निवडा, वारा पाहून

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या कुशीत एमआयडीसीचा पट्टा आहे. पश्चिमेला वाशी, कोपरखैरणे, घणसोली ही वस्ती. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे समुद्राकडून वस्तीवर आणि तिथून एमआयडीसीवर. त्यामुळे जुलैत वाशीच्या गच्चीवर धरलेला पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून आलेल्या हवेची गोष्ट सांगतो. शेजारच्या कारखान्याची किंवा तुमच्या स्वतःच्या चिलरची नव्हे.

हे नीट समजून घ्या. आर-१२३४वायएफ दहा-बारा दिवस हवेत राहतो. वारा सेकंदाला ५ मीटर जरी धरला, तरी तो दिवसाला ४३२ किलोमीटर जातो. इथे गळलेल्या गॅसचं आम्ल घाट ओलांडून कुठल्या तरी देशावरच्या शेतात पडेल. आणि तुमच्या गच्चीवर पडलेलं आम्ल कोणाच्या गळतीचं, हे एका नमुन्यावरून कोणीही सांगू शकणार नाही.

स्थानिक स्रोत असू शकतोच. औषधनिर्मितीत टीएफए रसायन म्हणून थेट वापरलं जातं आणि ते ७२ अंशांना उकळतं, म्हणजे वाफ होऊन निसटणं सोपं. तो शोधायचा तर एकाच पावसात दोन ठिकाणी नमुने घ्यावे लागतील : एक वाऱ्याच्या अलीकडे, समजा नेरुळ किंवा वाशीला, आणि एक पलीकडे, महापे-शिळफाट्याच्या बाजूला. दोन्हीकडे पाऊस धरायला एकाच तासाला सुरुवात झाली पाहिजे. हिवाळ्यातल्या रात्री कोपरखैरणेकरांना जो रासायनिक वास येतो, तो वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो म्हणून. पण तेव्हा पाऊस नसतो, त्यामुळे ही पद्धत तिथे लागू पडत नाही.

पाचवी पायरी : नमुना

साहित्य साधं आहे. पॉलिप्रोपिलीनचं किंवा एचडीपीईचं नरसाळं, त्याच प्लास्टिकच्या बाटल्या, स्टँड, सुतळी, नायट्राइलचे हातमोजे. नरसाळं २० सेंटीमीटर व्यासाचं घ्या. त्याचं तोंड ३१४ चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला ३१ मिलिलिटर पाणी. पाच मिलिमीटरच्या सरीत दीडशे मिलिलिटर जमतं आणि प्रयोगशाळेला पन्नास-शंभर पुरतं.

टाळायचं काय? टेफ्लॉन, कारण ते स्वतःच फ्लोरिनचं. प्लंबरची पांढरी टेप, टेफ्लॉनचं अस्तर असलेली बाटलीची टोपी, नॉनस्टिक भांडं, पाणी न धरणाऱ्या लेपाचा रेनकोट घालून नरसाळ्यावर वाकणं. शेवटची चूक सगळ्यांत सोपी, कारण पाऊस सुरू झाला की माणूस आधी रेनकोट शोधतो. साधी छत्रीही नरसाळ्याच्या वर येता कामा नये, तिच्यावरून ओघळलेला थेंब थेट आत जातो. मी सरळ भिजतो.

नरसाळं गच्चीच्या फरशीपासून किमान मीटरभर उंच हवं, नाहीतर शिंतोडे उडतात. आउटडोअर युनिट, कूलिंग टॉवर आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशापासून लांब. कावळ्यांचा बंदोबस्त करा. उंच जागा दिसली की कावळा बसणारच आणि बसला की काय करणार ते सांगायला नको. नरसाळ्याच्या कडेला उभ्या नायलॉनच्या काड्या बांधल्या की तो बसायला कचरतो.

नरसाळं गरम पाण्याने, मग शुद्ध केलेल्या पाण्याने तीनदा धुवा आणि झाकून ठेवा. पहिले थेंब पडायला लागले की झाकण काढा, सर थांबली की पुन्हा लावा. हा ‘फक्त पाऊस’ नमुना. झाकण न लावता चोवीस तास ठेवलं तर धुळीबरोबर बसलेलं आम्लही त्यात येतं. दोन्ही पद्धती चालतात, फक्त मध्येच बदलू नका आणि कुठली वापरली ते लिहून ठेवा.

आता ब्लँक, म्हणजे कोरा नमुना. कंटाळा येतो, पण याच्याशिवाय बाकी सगळं पाण्यात. कोरड्या दिवशी शुद्ध पाणी त्याच नरसाळ्यातून त्याच प्रकारच्या बाटलीत ओता आणि पावसाच्या नमुन्यांबरोबर पाठवा. ब्लँकमध्येही टीएफए निघालं, तर ते तुमच्या साहित्यातून किंवा प्रयोगशाळेतून आलं आहे.

प्रत्येक बाटलीवर तारीख, झाकण उघडल्याची आणि लावल्याची वेळ, पावसाचे मिलिमीटर, वाऱ्याची दिशा. पेन्सिलीने कागदी लेबलवर लिहा आणि वरून सेलोटेप. पेनची शाई जुलैच्या दमटपणात तिसऱ्या दिवशी पसरते. बाटल्या फ्रिजमध्ये, अंधारात.

सामू पट्टी किंवा टीडीएस मीटर लावून बघायचा मोह होईल. उपयोग नाही. लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम टीएफए असेल, तर त्याच्यामुळे येणारं आम्लपण साध्या पावसाच्या नैसर्गिक आम्लपणाच्या हजाराव्या भागाइतकं असतं. आणि हेही सांगून ठेवतो, तुलनेसाठी म्हणून शुद्ध टीएफएची बाटली विकत आणून घरी उघडू नका. ते कातडी जाळणारं आम्ल आहे.

सहावी पायरी : प्रयोगशाळेला काय विचारायचं

पीएफएएस म्हणजे कार्बन-फ्लोरिनच्या चिवट रसायनांचं मोठं कुटुंब. ‘पीएफएएस तपासता का?’ असं विचारलंत तर ‘हो’ म्हणतील आणि यादीत टीएफए नसेल. अमेरिकेच्या ५३३ आणि ५३७.१ या प्रचलित पद्धतींत ते नाहीच. त्या पद्धती जास्त लांब साखळीच्या संयुगांसाठी आहेत. टीएफएचं नाव घेऊनच विचारा.

पद्धत द्रव क्रोमॅटोग्राफी आणि जोड मास स्पेक्ट्रोमीटर, किंवा आयन क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, यांपैकी हवी. शोध ११३ वस्तुमानाचा आयन आणि त्याचा ६९ चा तुकडा असा घेतला जातो. कार्बन-१३ चं अंतर्गत मानक (तुलनेसाठी नमुन्यात मुद्दाम घातलेलं, जड कार्बनचं टीएफए) वापरतात का, हे विचारा. किमान किती मोजू शकतात, तेही विचारा. लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोचत नसतील तर पैसे वाया.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : त्याच यंत्रावर औषधांच्या किंवा पेप्टाइडच्या चाचण्या होतात का? कारण त्या चाचण्यांत टीएफए वाहक द्रवातच मिसळतात, टक्क्याच्या दशांशात. तुम्ही शोधताय ते त्याच्या लक्षावधी पटींनी कमी. ज्या यंत्राच्या नळ्यांतून वर्षानुवर्षं टीएफए वाहिलं आहे, त्यावर पावसाचा नमुना चालवणं म्हणजे मिठाच्या पोत्यात चिमूटभर मीठ हरवून शोधणं. आपल्या भागात औषध कंपन्यांची कामं करणाऱ्या प्रयोगशाळा भरपूर आहेत, म्हणून हा प्रश्न इथे जास्तच लागू. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

सातवी पायरी : अहवाल वाचा

आधी एकक पाहा. ०.३ मायक्रोग्रॅम म्हणजेच ३०० नॅनोग्रॅम. अर्ध्या भांडणांचं मूळ इथे असतं.

मग सरासरी, पण साधी नव्हे. समजा तीन सरी झाल्या. ४ मिलिमीटरच्या सरीत ०.६०, ६० मिलिमीटरच्या पावसात ०.१५ आणि ३० मिलिमीटरमध्ये ०.२० निघालं. साधी सरासरी ०.३२ येते. पण छोट्या सरीला मोठ्या पावसाइतकं वजन कशाला द्यायचं? पावसाने गुणून बेरीज करा : २.४ अधिक ९ अधिक ६, म्हणजे १७.४. एकूण ९४ मिलिमीटरने भागा, ०.१८५. हा खरा आकडा. जूनच्या पहिल्या सरीत आकडा फुगलेला दिसला तर दचकू नका. बरेच दिवस साचलेली हवा ती धुऊन काढत असते. नुसती पहिली सर मोजून बातमी करणाऱ्यांपासून मात्र सावध.

तुलनेला एक चांगला आकडा आहे. जर्मनीत २०१८-१९ मध्ये वर्षभर पाऊस तपासला गेला, तेव्हा पावसाच्या प्रमाणात काढलेली सरासरी लिटरला ०.३३५ मायक्रोग्रॅम आली. पण तिकडे पाऊस कमी पडतो. आपल्याकडे मोसमात दोन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणून लिटरमागचा आकडा शेजारी ठेवून समाधान मानू नका, चौरस मीटरमागचा काढा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. ०.१८५ ला २,५०० ने गुणलं की चौरस मीटरला ४६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आपला लिटरमागचा आकडा जर्मनीपेक्षा कमी, तरी जमिनीवर पडलेलं आम्ल मात्र तिथल्यापेक्षा दुपटीहून जास्त. (पहिला आकडा माझ्या उदाहरणातला आहे, नवी मुंबईचा मोजलेला म्हणून कुठे छापू नका.)

पिण्याच्या पाण्याबद्दल लोक लगेच विचारतात. जर्मनीने २०२० मध्ये लिटरला ६० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा ठरवली, शक्य तिथे १० च्या खाली ठेवण्याच्या सल्ल्यासह. पावसातले आकडे त्याच्या पुष्कळ खाली आहेत, तेव्हा पाऊस प्यायल्याने आज काही होईल अशी भीती नको. अडचण साठत जाण्याची आहे. घरातला कार्बन फिल्टर टीएफएला जवळपास अडवत नाही. आरओचा पडदा बराचसा अडवतो, पण अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून गटारात जातं.

आठवी पायरी : गॅसची वही

बाकी सगळ्या पायऱ्या मोजण्याच्या. रोखण्याची जागा ही एकच, कारण एकदा गॅस सुटला की पुढचं काम हवा आणि पाऊस आपल्याला न विचारता करतात.

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या मॅनेजरकडे एक वही ठेवा. दर वेळी एसीवाला गॅस भरून गेला की युनिटचा नंबर, गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरला ते लिहायचं. ‘प्रेशर बघून टाकला’ हे उत्तर चालवून घेऊ नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावा. भरलेला गॅस म्हणजेच मागच्या वेळेपासून गळलेला गॅस, त्यामुळे वर्षअखेरीला ही वहीच गळतीचा अहवाल होते आणि दुसऱ्या पायरीतल्या गुणाकारात थेट बसते. एकाच युनिटचं नाव वर्षात दोनदा आलं, तर टॉप-अप बंद आणि आधी गळतीचा शोध : फ्लेअर नटवर (गॅसच्या नळ्यांच्या जोडावर) साबणाचा फेस, नाही सापडली तर नायट्रोजन भरून प्रेशर धरून बघणं. जुनं युनिट काढताना गॅस हवेत सोडून देण्याची पद्धत आहे, ती चालवून घेऊ नका. रिकव्हरी मशीन आणणाराच ठेकेदार बोलवा आणि ती अट वार्षिक कंत्राटातच घाला. चिलर असेल तर ही अट सगळ्यांत आधी त्याच्या कंत्राटात घाला, कारण शंभर गाड्यांमधला गॅस त्या एकाच यंत्रात असू शकतो.

नमुन्याचं साहित्य मेअखेर जमवून ठेवा आणि प्रयोगशाळेशी बोलणं त्याच्याही आधी उरका. बाटल्या दर वेळी दोन भरा, एक पाठवायला आणि एक घरच्या फ्रिजमध्ये. अहवालावर शंका आली तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला तीच कामाला येते.